मनगटावरची रोजकीर्द

गेल्या चातुर्मासात आमच्या घरात एक तंटा उपस्थित झाला आणि तो मिटवण्याच्या खटपटीत मला एका संपूर्ण शास्त्राची तोंडओळख झाली, म्हणून आधी त्या तंट्याची हकीकत सांगतो. माझे सासरे, ज्यांना घरात-दारात सर्वजण अण्णा म्हणतात, ते मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. वय वर्षे ८१. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यापासून ते वॉकर धरून व्हरांड्यात सकाळ-संध्याकाळ येरझारा घालतात, आणि या नेमात ऊन, पाऊस किंवा पाहुणे यांपैकी कशानेही खंड पडत नाही. परदेशी असलेल्या नातवाने मोठ्या प्रेमाने त्यांना पावले मोजणारे घड्याळ पाठवले. पहिल्याच दिवशी दहा खेपा पुऱ्या करून अण्णांनी मनगट डोळ्यांजवळ नेले आणि ते संतापले.

"दहा खेपा झाल्या आणि हे म्हणते एकतीस पावले! मग उरलेले अंतर मला काय कोणी पालखीतून नेले?"

त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले. संध्याकाळी सासूबाईंनी ते गंमत म्हणून हातात घातले आणि त्या भजनी मंडळाला गेल्या. तेथे दीड तास सतरंजीवर मांडी घालून त्यांनी टाळ वाजवले, आणि परत आल्या तेव्हा घड्याळात अकराशेवर पावले जमा झाली होती. जो चालला त्याची गैरहजेरी आणि जी बसून होती तिची हजेरी, असा हा मस्टर पाहून अण्णांनी आपला कचेरीतला निकाल दिला: "हा कारकून लाचखाऊ तरी असला पाहिजे, नाही तर आंधळा तरी."

लाचखाऊ तो नव्हे. परंतु आंधळा खरोखरच आहे.

झोपाळ्यावरचे वजन

घड्याळाच्या पोटात जे उपकरण बसवलेले असते त्याला पाऊल म्हणजे काय, व्हरांडा म्हणजे काय, किंवा आपण कोणाच्या मनगटावर आहोत, यांतले काहीएक ठाऊक नसते. त्याला त्वरणमापक म्हणतात. त्वरण म्हणजे वेगात होणारा बदल. एस.टी.त दांडी धरून उभ्याने प्रवास केलेल्या कोणालाही हे तत्त्व अंगाने माहीत आहे. गाडी संथ चालली असता आपण स्वस्थ उभे असतो. चालकाने ब्रेक दाबला की पुढे झुकतो आणि गाडीने उसळी घेतली की मागच्यावर रेलतो. डोळे मिटून उभ्या असलेल्या उतारूलाही, केवळ आपल्या झुकण्यावरून, गाडीचे काय चालले आहे हे सांगता येईल.

उपकरणाच्या आत हा डोळे मिटलेला उतारू म्हणजे सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा असतो. तो सिलिकॉनच्याच लवचिक पट्ट्यांवर झोपाळ्यासारखा टांगलेला असून त्याच्या कडेला फणीसारखे दाते असतात, आणि हे दाते समोरच्या स्थिर फणीच्या दात्यांमध्ये, परंतु त्यांना स्पर्श न करता, बसवलेले असतात. मनगट हलले की तुकडा किंचित मागे राहतो, दात्यांमधली फट कमीजास्त होते, आणि त्या फटीची विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते. हा बदल म्हणजेच नोंद. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तीन दिशांनी ही व्यवस्था केलेली असते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. घड्याळ टेबलावर निश्चल पडलेले असतानाही त्याची नोंद शून्य नसते, कारण गुरुत्वाकर्षण त्या झोपाळ्याला सतत खाली ओढत असते. हा दोष वाटतो, पण तो मोठा उपयोगी दोष आहे. कारण ओढ कोणत्या दिशेने आहे हे कळल्यामुळे, गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणे, उपकरण उभे आहे की आडवे हे ताडता येते. शून्याजवळची नोंद येते ती वस्तू अधांतरी पडत असताना. पडल्याची वर्दी देणारी घड्याळे साधारणपणे हाच क्रम शोधतात: क्षणभर हलकेपणा, मग जोराचा दणका, मग स्तब्धता. वृद्ध माणूस भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसला तर हा क्रम घडत नाही आणि वर्दीही जात नाही, ही गोष्ट अशा घड्याळांच्या जाहिरातींत सहसा आढळत नाही.

रोजकीर्द आणि खतावणी

जुन्या हिशेबात दिवसाच्या घडामोडी जशा घडल्या तशा रोजकीर्दीत उतरवत आणि मग त्यांवरून खातेवार खतावणी करत. रोजकीर्द खरी असली तरी खतावणी करणाऱ्याने रक्कम भलत्या खात्यावर टाकली तर ताळेबंद चुकतो. मनगटावरच्या यंत्राचे नेमके असेच आहे.

त्याची रोजकीर्द अफाट असते. ब्रिटनमधील 'यूके बायोबँक' या प्रचंड आरोग्यप्रकल्पात २०१३ ते २०१५ या काळात एक लाखाहून अधिक मध्यमवयीन आणि वयस्क स्त्री-पुरुषांनी सात दिवस मनगटावर त्वरणमापक बांधला होता, आणि तो सेकंदाला १०० वेळा नोंद करीत होता. वाचकाने स्वतः गुणाकार करून पाहावा: एका माणसाच्या एका आठवड्याच्या नोंदी ६ कोटी ४ लाख ८० हजार, आणि तीन दिशा धरल्या तर १८ कोटींच्या वर. यांतल्या एकाही नोंदीत 'पाऊल' हा शब्द नसतो. केवळ हिसके असतात.

पाऊल जन्माला येते ते खतावणीत. चालताना टाच टेकली की शरीराला एक हलका धक्का बसतो, आणि बहुतेक माणसे सेकंदाला एक ते दोन पावले टाकत असल्याने हे धक्के ठरावीक लयीने येतात. म्हणून आज्ञावली प्रथम या लयीबाहेरचा खडखडाट गाळून टाकते, उरलेल्या लाटांची शिखरे पाहते, एका मुकरर उंचीच्या वर गेलेली शिखरे तेवढी उचलते, आणि पुष्कळ घड्याळांत आणखी एक अट अशी असते की अशी काही शिखरे सलग आल्याखेरीज त्यांस पावले म्हणून मान्यता द्यावयाची नाही. या शेवटच्या अटीचा हेतू चांगला आहे; कोणी नाक खाजवले किंवा डास मारला तर ते पाऊल म्हणून जमा होऊ नये. परंतु स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत सहा पावले, तेथून पलंगापर्यंत आठ, असा ज्यांचा दिवस तुकड्यातुकड्यांनी चालतो, त्यांची ही सुटी नाणी हिशेबात येतच नाहीत.

आता तंट्याचा उलगडा होतो. अण्णांचे दोन्ही हात वॉकरच्या दांड्यावर घट्ट रोवलेले. पाऊल पडते पण मनगट झुलत नाही. त्यातून पाय उचलण्याऐवजी सरकवण्याची सवय, म्हणजे धक्काही मंद. लाटेची शिखरे मुकरर उंचीच्या खालीच राहिली. सासूबाईंचे टाळ मात्र सेकंदाला दीड-दोन वेळा, अभंगाच्या ठेक्यात, न चुकता वाजत होते. आंधळ्या कारकुनाने लय ऐकली आणि पावले लिहिली. मला तर यात त्यांच्या तालज्ञानाचा दाखलाच दिसला, पण हे मी त्या वेळी अण्णांसमोर बोललो नाही.

> चौकट: यंत्र कोठे बांधावे?
> मनगटावर बांधणे सर्वांत सोयीचे. माणूस ते रात्रंदिवस काढत नाही. पण काठी, वॉकर, कठडा किंवा कोणाचा हात धरून चालणाऱ्याची पावले येथे निसटतात.
> कमरेला बांधले तर धडाची हालचाल चांगली कळते, परंतु अगदी संथ चाल येथेही कमी भरते. शिवाय लुगडे किंवा धोतर नेसणाऱ्याने ते अडकवावे कोठे, हा प्रश्न उरतो.
> मांडीवर चिकटवलेले यंत्र ओळंब्याचे काम उत्तम करते: बसल्यावर मांडी आडवी, उठल्यावर उभी. बसण्यात किती वेळ गेला हे जाणण्यास ही जागा सर्वांत विश्वासू. मात्र बसलेला आणि आडवा झालेला यांतला फरक तिला सहजी कळत नाही.
> घोट्यावर बांधलेले यंत्र संथ आणि फरफटती पावलेही पकडते, कारण हलणारा अवयवच तो आहे.

दर कोणी मुकरर केला?

पावलांचा घोळ एक वेळ समजण्याजोगा आहे. त्याहून खोल अन्याय दडलेला आहे तो श्रमाच्या मोजणीत. घड्याळ श्रम मोजत नाही, ते हालचाल मोजते, आणि हालचालीवरून श्रमाचा अंदाज बांधते. जमिनीचा सारा ठरवताना मोजणीदार जमीन मोजतो, पण दर एकरी किती हे आधी कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. तद्वत इतके हिसके म्हणजे 'मध्यम श्रम', याहून कमी म्हणजे 'हलके', असे दर संशोधकांनी ठरवले आहेत. त्यांना सीमांक म्हणू.

पुष्कळ वर्षे प्रमाण मानला गेलेला एक सीमांक १९९८ सालचा आहे. धावत्या पट्ट्यावर तरुण स्त्री-पुरुषांना चालवून आणि पळवून, त्यांच्या श्वासातील प्राणवायूचा खर्च मोजून, तो काढला गेला: कमरेला बांधलेल्या यंत्राच्या मिनिटाला १९५२ मोजण्या. याच्या वर गेलात तर मध्यम श्रम, नाही तर नाही. पुढे २००९ साली हाच प्रयोग सरासरी सत्तरीच्या घरातील निरोगी माणसांवर, ताशी ३.२ किलोमीटर या बेताच्या चालीने झाला, तेव्हा सीमांक निघाला १०४१, म्हणजे जवळजवळ निम्मा. एकाच आजोबांचा एकच आठवडा जुन्या दराने पाहिला तर ते आळशी ठरतात आणि नव्या दराने पाहिला तर चांगले मेहनती ठरतात. आजोबा बदललेले नाहीत; दरपत्रक बदलले आहे.

असे का व्हावे? उतारवयात तेवढेच अंतर कापण्यास शरीराला अधिक शक्ती खर्चावी लागते. सांधे आखडलेले, तोल सांभाळण्यासाठी नको त्या स्नायूंनाही ताठ राहावे लागते, पाऊल आखूड पडते. जुन्या बैलगाडीचे कणे कुरकुरू लागले की त्याच रस्त्याला बैल अधिक थकतात, त्यातलाच हा प्रकार. यंत्राला गाडीचा वेग तेवढा कळतो, बैलांच्या तोंडचा फेस दिसत नाही.

चढाचेही तसेच. पुण्यातील कित्येक पेन्शनर मंडळी पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून जातात, परंतु केवळ हिसके मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी पर्वतीची पायरी आणि सारसबागेतली सपाट फरसबंदी यांत फारसा भेद नाही. काही घड्याळांत हवेचा दाब मोजणारी सोय असते आणि उंचीबरोबर दाब किंचित उतरत असल्यामुळे त्यांना चढ कळतो. हातातली भरलेली पिशवी मात्र कोणालाच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाबरोबरच किमान तीन दिवस तोलाचे व ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. आता खुर्चीला बोट लावून एका पायावर उभे राहणे हा तोलाचा अव्वल व्यायाम, आणि नेमका तो करीत असताना घड्याळ म्हणते की आपण स्वस्थ आहात.

मग नाडी मोजावी, असे कोणी म्हणेल. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्याचसाठी असतो: रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, प्रत्येक ठोक्याला कातडीखालचे रक्त वाढते-घटते, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पण पट्टा सैल असला किंवा हात थंड पडले की ही मोजणी बिघडते. रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळ्या तर नाडीला वर चढूच देत नाहीत. माणूस धापा टाकत असतो आणि घड्याळ त्यास विश्रांती समजते. शिवाय कमाल नाडी काढण्याचा '२२० वजा वय' हा प्रसिद्ध आडाखा सत्तरीच्या माणसाला १५० ही मर्यादा देतो, तर २००१ साली मांडलेले सुधारित सूत्र त्यालाच १५९ देते. वय वाढेल तसे या दोन आडाख्यांतले अंतर वाढत जाते.

जबानी आणि दाखला

इतके दोष असता संशोधक हे यंत्र वापरतातच कशाला? कारण त्यापूर्वीचा मार्ग म्हणजे माणसाची जबानी घेणे. "गेल्या सात दिवसांत आपण किती वेळ मध्यम श्रम केलेत?" असा प्रश्न सासूबाईंना विचारून पाहिला. पहाटे उठून सडा घालणे, फुले तोडणे, पोळ्या, माळ्यावरचे डबे काढणे-ठेवणे, भाजी आणणे, एवढे सर्व ज्या बाईने केले, ती सरळ म्हणाली, "मी कुठं काय करते? घरातच तर असते." पुरुषांची जबानी बहुधा उलट दिशेने झुकते. अमेरिकेत २००३-०४च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत प्रथमच हजारो लोकांच्या कमरेला त्वरणमापक बांधले गेले, तेव्हा शिफारशीइतका श्रम करणारे प्रौढ शेकडा पाचांहूनही कमी निघाले. तोंडी सांगणाऱ्यांचे प्रमाण याच्या कितीतरी पट होते.

जबानी आणि यंत्र या दोघांनाही ज्याच्यापुढे उभे करता येते असा एक दाखला आहे, आणि त्याची युक्ती इतकी सुंदर आहे की येथे थोडे थांबलेच पाहिजे. माणसाला जे पाणी प्यायला देतात त्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन्ही घटक नेहमीपेक्षा किंचित जड असतात. ते निरुपद्रवी असतात, पण लघवीच्या तपासणीत ओळखू येतात. जड हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो केवळ पाण्याच्या रूपाने. जड ऑक्सिजनला मात्र दोन दारे असतात: पाणी, आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. एक-दोन आठवड्यांनी दोहोंची शिल्लक पाहिली की ऑक्सिजन जितका अधिक वेगाने घटला तितका तो उच्छ्वासाच्या दाराने गेला, हे उघड होते. आणि उच्छ्वासावरून शरीराने एकूण किती शक्ती जाळली, हे काढता येते. दोन दारांच्या वाड्यात एकाच दारावर पहारा ठेवून दुसऱ्यातून किती माणसे गेली हे सांगण्यासारखेच हे आहे. ही रीत प्राण्यांवर १९५०च्या दशकात आणि माणसांवर १९८०च्या दशकात आली. ती फार महाग पडते, आणि शक्ती एकूण किती गेली हे सांगत असली तरी ती चालण्यात गेली की भांडणात, हे सांगत नाही. म्हणून रोजच्या कामाला शेवटी यंत्रच.

यंत्राच्या नोंदीवर विश्वास ठेवण्यासाठी संशोधकांनी काही कायदेही केले आहेत. दिवसात किमान १० तास यंत्र अंगावर असेल तरच तो दिवस धरायचा. असे निदान चार दिवस असावेत. पण यंत्र अंगावर होते की फडताळात, हे ठरवायचे कसे? रूढ नियम असा की ६० मिनिटे सलग शून्य आले की ते काढून ठेवले होते असे समजावे. येथे पुन्हा म्हातारपण आडवे येते: जपाला बसलेले किंवा दुपारी खुर्चीत डुलकी घेणारे आजोबा आणि फडताळात ठेवलेले यंत्र यांची रोजकीर्द एकसारखीच दिसते, आणि बसण्याचा जो काळ मोजायचा तोच हिशेबातून बाद होतो. म्हणून वृद्धांच्या अभ्यासांत ही मुदत ९० मिनिटांपर्यंत वाढवण्याची शिफारस झालेली आहे.

दहा हजारांची कुळकथा

अण्णांच्या घड्याळाने पहिल्या दिवसापासून त्यांच्यासमोर १०,००० पावलांचे लक्ष्य ठेवले होते. या आकड्याचे कूळ शोधू गेल्यास ते वैद्यकात नव्हे तर बाजारात सापडते. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने कमरेला लावण्याचा पाऊलमापक विक्रीस आणला आणि त्याचे नाव ठेवले 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल होता, लक्षात राहण्याजोगा होता. तो जगभर पसरला.

वृद्धांसाठी पुराव्यावर उभा राहिलेला आकडा याहून पुष्कळ मवाळ आहे. सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण शेकडा ४१ने कमी आढळले. पावले वाढतील तसे ते आणखी उतरत गेले, आणि ७,५००च्या आसपास हा उतार थांबला. एकूण पावले जमेस धरल्यावर ती भरभर टाकली की सावकाश, याचा स्पष्ट फरक दिसला नाही. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, तेव्हा सगळे श्रेय पावलांना देता येत नाही, ही शंका येथे रास्त आहे आणि अभ्यासकांनीही ती विचारात घेतली होती. पण ज्याला वॉकर धरून दिवसाला तीनशेच पावले शक्य आहेत त्याच्यापुढे दहा हजारांचा फलक लावणे हा मला तरी उद्धटपणा वाटतो.

अण्णांचा पंचनामा

हे सारे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "दफ्तर चुकले तर फाडून टाकायचे नसते, पडताळा घ्यायचा असतो." त्यांनी मला व्हरांड्यात खडूने दोन रेघा मारायला लावल्या आणि मोठ्याने मोजत, एक न चुकवता, शंभर पावले टाकली. मनगटावर भरली १७. मग सासूबाईंच्या परकराची जुनी नाडी आणवून घड्याळ उजव्या घोट्याला बांधले आणि पुन्हा शंभर पावले टाकली. या खेपेस ९६. दोन्ही आकडे त्यांनी तारीख घालून पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिले आणि खाली सही केली. तेव्हापासून घड्याळ घोट्यावर असते, दहा हजारांचे लक्ष्य काढून तेथे चारशे घातले आहे, आणि आकड्याची तुलना केवळ मागच्या आठवड्याच्या आकड्याशी होते.

वाचकांपैकी कोणी घरातील वडीलधाऱ्यांस असे यंत्र भेट देणार असेल, तर त्यास माझी एवढीच विनंती आहे की घड्याळ त्यांच्या हातात बांधून परतू नये. त्यांच्याबरोबर, त्यांच्याच चालीने, काठी असेल तर काठीसह, शंभर पावले मोजून चालावे, यंत्राने किती लिहिली ते पाहावे, आणि तो आकडा एका कागदावर लिहून घड्याळाच्या डबीत ठेवून द्यावा. डॉक्टरांकडे जाताना तो कागदही बरोबर न्यावा.